पेस्ट लावा, पण कुठे?

थर्ड इयरच्या सुट्टीत मी इनप्लँट ट्रेनिंगसाठी कोकणातल्या एका ट्रक वर्कशॉपमध्ये होतो. दुसऱ्याच दिवशी मागच्या अ‍ॅक्सलचं चाक काढायचं होतं. नट सगळे निघाले, पण चाक काही हबवरून सुटेना! खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे चाकाचं मधलं भोक हबवर गंजून घट्ट बसलेलं. तासभर घण मारला तेव्हा कुठे निघालं.

चाक परत बसवताना मी हुशारी केली. स्टोअरमधून अँटी-सीझचा डबा आणला आणि स्टडना, नटांना ती चंदेरी पेस्ट मनसोक्त फासली. मिस्त्रींनी पाहिलं आणि म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, अडलं होतं हब. ते तर तुम्ही कोरडंच ठेवलंत! आणि नट सहज निघावा म्हणता, पण तो रस्त्यातच निघाला तर?" मग वायर ब्रश आणि चिंधी घेऊन सगळं पुसायलाही मीच.

आपण मशीन डिझाइनच्या पेपरात T = KDF हे सूत्र डोळे मिटून लिहितो. K किती? 0.2. का? 'दिलंय म्हणून'! त्या K मध्येच तर सगळी गोम आहे. नट आवळताना लावलेल्या टॉर्कपैकी जवळपास 90 टक्के घर्षणातच जातो, स्टड ताणायला उरतो जेमतेम 10 टक्के. 22 मिमीच्या स्टडला 600 न्यूटन-मीटर टॉर्क दिला, तर K 0.2 असताना स्टडमध्ये सुमारे 136 किलोन्यूटन ताण-बल येतं. पेस्टमुळे K 0.13 झाला, की त्याच टॉर्कला ते 210 होतं. म्हणजे दीडपट! पाना तोच, काटा तोच, आणि स्टडवर भलताच भार. उलट नटाच्या बैठकीवर पेस्टचा जाड थर राहिला, तर तो गाडी चालताना दबून बाहेर येतो आणि आवळ ढिली पडते. दोन्हीकडून मरण.

कुणी म्हणेल, मग टॉर्क कमी करून लावू. पण किती कमी? पेस्ट किती लागली, कुठल्या जातीची, यावर K बदलतो. आणि उद्या हायवेवरच्या ज्या पोऱ्याच्या हाती ते चाक जाईल, त्याला हे कोण सांगणार? काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये स्टडच्या आट्यांवर तेलाचे दोन थेंब सांगितलेले असतात. मग तेवढेच टाका, कारण टॉर्कचा आकडा त्यावरच धरलेला असतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. जिथे फक्त गंजाशी भांडण आहे, तिथे अँटी-सीझ हवंच. हबच्या ज्या कडेवर चाक बसतं तिथे पातळ हात, ब्रेकच्या एस-कॅमशाफ्टच्या स्प्लाइनवर स्लॅक अ‍ॅडजस्टर बसवताना, आणि मॅन्युअल सांगत असेल तर एक्झॉस्टच्या तापणाऱ्या स्टडवर. तिथे ग्रीस जळून जातं, पण पेस्टमधली तांब्याची किंवा निकेलची पूड मागे राहते. चाक अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर तांब्याची पेस्ट टाळा, खाऱ्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं. आणि जिथे सांधा टॉर्कच्या भरवशावर उभा आहे, तिथे मॅन्युअल सांगेल तेच, स्वतःची अक्कल नाही. बेअरिंगमध्ये तर ही पेस्ट ग्रीस म्हणून कधीच नको.

चाक बसवल्यावर 80 ते 160 किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासायचे, हेही मी त्या मिस्त्रींकडूनच शिकलो. पुढच्या वायवाला सरांनी K विचारला तर 'दिलंय' म्हणू नका. लोडेड ट्रकचं सुटलेलं चाक समोरच्या मोटरसायकलवाल्याला विचारून येत नाही.