कड्यापलीकडची दोन पावले
अमेरिकेतील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी सहा-सात मिनिटांचे व्यंगपट दाखविले जात. त्यांचे काही संकेत कायमचे रूढ झाले. धावणारे पात्र कड्यापलीकडे जाते, परंतु खाली पाहीपर्यंत पडत नाही. सुरुंग फुटला तर अंग काजळते आणि पुढच्याच दृश्यात पूर्ववत होते. मरत कोणीच नाही.

या संकेतांचा सर्वांत काटेकोर वापर चक जोन्स यांनी वॉर्नर ब्रदर्ससाठी 1949 पासून केलेल्या रोड रनर मालिकेत आढळतो. कोयोटी हा कोल्ह्यालांडग्यांच्या कुळातील भुकेला प्राणी, आणि रोड रनर हा त्याच्या हाती न लागणारा पक्षी. जोन्स यांनी आत्मचरित्रात या खेळाचे नियम दिले आहेत. ‘बीप-बीप’ करण्यापलीकडे पक्ष्याने कोयोटीला अपाय करायचा नाही. कोयोटीला इजा व्हावी ती त्याच्या स्वतःच्या अकौशल्याने, किंवा ‘अ‍ॅक्मे’ कंपनीच्या सदोष मालाने. हट्ट सोडल्यास तो केव्हाही थांबू शकतो.

‘अ‍ॅक्मे’ म्हणजे ग्रीक भाषेत शिखर. दूरध्वनीच्या यादीत आरंभीच यावे म्हणून तेथील अनेक पेढ्या हे नाव घेत. एवढा माल फसूनही गिऱ्हाईक दुकान बदलत नाही, असे भाग्य किती व्यापाऱ्यांच्या वाट्याला येते? त्याचे पैसे कोठून येतात, हे मात्र कधीच कळत नाही.

अशा मारझोडीला हसणे म्हणजे हिंसेची अनुमोदना नव्हे काय, ही आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांची शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा विचार करणाऱ्या परंपरेत ती उठणारच. येथे द्रव्यहिंसा नाही, कारण पडद्यावर केवळ रेषा आहेत. प्रश्न पाहणाऱ्याच्या भावाचा आहे, आणि त्या दृष्टीने सर्व व्यंगपट सारखे नाहीत. 1940 मध्ये सुरू झालेल्या ‘टॉम अँड जेरी’त उंदीर हातोडा उचलतो, तेव्हा मुलाचे हसू मारणाऱ्याच्या बाजूने जाते. रोड रनर कोणावर हात उगारत नाही. तेथे हसू येते ते मारण्याचा संकल्प संकल्पकर्त्यावरच उलटल्याचे. सर्वांवर सरसकट बंदी घालण्यापेक्षा नातवंडांजवळ बसून एखादा भाग पाहिल्यास हा फरक सहज ध्यानी येतो.

बहुतेक मुले आदळण्याच्या आधीच हसू लागतात. कोयोटी अधांतरी उभा असतो. तो खाली पाहतो, मग प्रेक्षकांकडे पाहतो, आणि नंतर पडतो.