विश्लेषण : खडी-वाळूवरून दुचाकी घसरली, तर भरपाई कोणाकडे मागायची?

खड्ड्यामुळे अपघात झाला तर भरपाई कुठे मागायची, याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिले. पण रस्त्यावरची सुटी खडी, वाळू, सांडलेले ऑइल किंवा ट्रकमधून पडलेला माल यांमुळे दुचाकी घसरली तर? खड्डा दुसऱ्या दिवशीही जागेवर असतो. खडी मात्र वाहनांच्या चाकांनी तासाभरात बाजूला होते आणि ऑइलवर कुणीतरी माती टाकतो. पुरावा गेला की नोंदीत उरतो तो ‘स्वतःच्या चुकीने पडलेला’ दुचाकीस्वार. प्रत्यक्षात त्याच्यासाठी कायद्यात एकाहून अधिक वाटा आहेत.

समस्या किती मोठी?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला आणि मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ जण दगावल्याची नोंद याच अहवालात आहे. खड्डे, सुरू असलेली रस्त्याची कामे असे रकाने या वर्गवारीत आहेत. सांडलेली खडी किंवा पडलेला माल यांसाठी वेगळा रकाना नाही. ज्याची मोजदाद होत नाही, त्यावर उपायही होत नाही.

रस्त्यावर हे येते कुठून?

खाणीतून निघालेले खडीचे डंपर, ताडपत्री न टाकलेले वाळूचे ट्रक, वळणावर काँक्रीट सांडणारे रेडी मिक्सचे मिक्सर, गळीत हंगामात उसाने खचाखच भरलेल्या ट्रॉल्या, किनारपट्टीच्या रस्त्यांवर पाणी गाळत जाणाऱ्या मासळीच्या गाड्या, शेतातून थेट डांबरी रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल ही त्याची नेहमीची उगमस्थाने. त्यात भर पडते ती खड्डे बुजवण्याच्या घाईची. पावसाळ्यात खड्ड्यात नुसती खडी आणि मुरूम टाकला जातो. दोन दिवसांत तो उखडतो आणि एका खड्ड्याच्या जागी दहा फूट रस्ता निसरडा होतो.

चारचाकी गाडी अशा खडीवरून गेली तर थोडी सरकते. दुचाकीचा तोल मात्र दोन टायरच्या तळहाताएवढ्या भागावर असतो. वळणावर गाडी कललेली असताना किंवा पुढचा ब्रेक दाबलेला असताना त्या भागाखाली खडी आली, की सावरायला वेळच मिळत नाही.

माल सांडणाऱ्या वाहनाचा नंबर मिळाला तर?

मग दाद मागण्याची जागा मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ही आहे. ‘ट्रकने मला धडक दिली नाही, मग ट्रकमालक जबाबदार कसा?’ हा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. मोटार वाहन कायद्याचे शब्द ‘वाहनाच्या वापरातून उद्भवलेला अपघात’ असे आहेत. त्यात प्रत्यक्ष धडकेची अट नाही.

या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये साताऱ्याजवळच्या एका दुर्घटनेच्या प्रकरणात लावला. १९८७ मध्ये राष्ट्रीय महामार्गावर एक पेट्रोल टँकर ट्रकशी टक्कर होऊन उलटला. पेट्रोल गळत राहिले आणि काही तासांनी स्फोट होऊन तिथे जमलेले लोक मृत्युमुखी पडले. टक्कर आणि स्फोट यांत तासांचे अंतर असूनही हा अपघात टँकरच्या वापरातूनच उद्भवला, असे न्यायालयाने मानले. ‘वापरामुळे घडलेला’ यापेक्षा ‘वापरातून उद्भवलेला’ ही शब्दयोजना अधिक व्यापक आहे, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. डंपरमधून सांडलेल्या वाळूवर पंधरा मिनिटांनी घसरलेल्या दुचाकीस्वाराला हाच आधार घेता येतो.

कलम १६६ खाली प्रत्यक्ष नुकसानीएवढी भरपाई मागता येते. त्यासाठी समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. कलम १६४ खाली कुणाची चूक हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची तरतूद आहे. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा दावेदार राहतो तेथील न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. तरीही ती पाळणेच शहाणपणाचे.

वाहनाचा पत्ताच लागला नाही तर?

बहुतेक प्रकरणांत हेच होते. अशा वेळी ‘हिट अँड रन’ भरपाई योजना उपयोगी पडू शकते. ज्या अपघातातील वाहनाची ओळख वाजवी प्रयत्न करूनही पटत नाही, तो ‘हिट अँड रन’, अशी कलम १६१ मधील व्याख्या आहे. येथेही शब्द ‘वाहनाच्या वापरातून उद्भवलेला’ हेच आहेत. त्यामुळे अज्ञात ट्रकच्या ऑइलवर घसरलेल्या व्यक्तीला या व्याख्येत बसण्याचा दावा करता येतो. मृत्यूसाठी २ लाख, गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. हाड मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने गंभीर दुखापतच आहे. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी पातळीवरील चौकशी अधिकाऱ्याकडे करायचा असतो. महिनाभरात वाहनाचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी या योजनेची माहिती पीडितांना लेखी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावले आहे.

अडचण पहिल्या कागदावर येते. ऑइलचा उल्लेख न करता पोलिसांनी ‘दुचाकी घसरून अपघात’ एवढेच लिहिले, तर अज्ञात वाहन प्रकरणात उरतच नाही. अनेकदा मृत दुचाकीस्वारावरच निष्काळजीपणाचा गुन्हा नोंदवला जातो आणि कुटुंबाचा दावा तिथेच कमकुवत होतो.

रस्ता ज्याच्या ताब्यात आहे, त्याची जबाबदारी काय?

उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावे लागतात. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीकडे हे काम आहे. नगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, रस्ते विकास महामंडळ, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यासाठीही अशाच समित्या आहेत. रक्कम सहा ते आठ आठवड्यांत द्यायची आहे. विलंब झाल्यास वरिष्ठ अधिकारी व्यक्तिशः जबाबदार ठरतात आणि भरपाईची रक्कम दोषी कंत्राटदार वा अधिकाऱ्याकडून वसूल करता येते.

हा आदेश खड्डे आणि मॅनहोलसाठी आहे. मात्र खड्डा बुजवताना टाकलेली खडी उखडून अपघात झाला, तर तो खड्ड्याच्याच सदोष दुरुस्तीचा परिणाम आहे. समितीपुढे तसा अर्ज करण्यास हरकत नाही. अपघाताच्या ठिकाणी खड्डा होता आणि तो निकृष्ट पद्धतीने भरला होता, हे दाखवणारी छायाचित्रे मात्र हवीत.

याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ नुसार रस्त्याच्या बांधकामाचे किंवा देखभालीचे निकष न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास संबंधित यंत्रणा किंवा कंत्राटदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही रक्कम थेट पीडिताला न मिळता अपघात निधीत जमा होते. या कलमात एक महत्त्वाचा निकष आहे : रस्त्याची अवस्था यंत्रणेला माहीत होती का, किंवा माहीत असायला हवी होती का? म्हणूनच आधी केलेली एखादी ऑनलाइन तक्रारही नंतर दुसऱ्याच्या दाव्यात मोलाची ठरते.

बांधकामाचा राडारोडा रस्त्यावर टाकला असेल तर जबाबदारी आणखी स्पष्ट आहे. वाहतुकीला अडथळा होईल असा कचरा टाकू नये, हे बंधन बांधकाम व पाडकाम कचरा व्यवस्थापन नियमांनी २०१६ मध्येच घातले. सार्वजनिक रस्त्यावर धोका वा अडथळा निर्माण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा असून दंड ५ हजार रुपयांपर्यंत आहे. दिवाणी दाव्याचा मार्गही खुला असतो. पण शासनाविरुद्ध आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि महापालिका कायद्यांतही पूर्वनोटिशीची अट व सहा महिन्यांची मुदत आहे.

टोलच्या रस्त्यावर नियम वेगळा आहे का?

टोल भरणारा वाहनचालक ग्राहक आहे, असे म्हणत ग्राहक आयोगाकडे जाता येते. राष्ट्रीय महामार्गांवर दुचाकींना टोल माफ असल्याने त्यांच्यासाठी हा युक्तिवाद लंगडा पडतो. जी सवलत म्हणून दिली, तीच अपघातानंतर अडचणीची ठरते. तरीही रस्ता स्वच्छ ठेवण्याची कंत्राटदाराची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. महामार्गावर पडलेल्या मालाची माहिती १०३३ या क्रमांकावर देता येते आणि त्या कॉलची वेळ हा पुढे पुरावा ठरतो.

स्वतःच्या विम्यातून काय मिळते?

येथे गैरसमज मोठा आहे. थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतः पडलेल्या मालकाला त्यातून काही मिळत नाही. दुसऱ्याची गाडी मागून घेतलेला चालकही या बाबतीत मालकाच्याच जागी धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. मागे बसलेल्या व्यक्तीलाही केवळ थर्ड पार्टी पॉलिसीत संरक्षण नसते.

मालक-चालकाला आधार असतो तो सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचा. २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. समोर दुसरे वाहन नसले तरी तो लागू होतो. मात्र तो मृत्यू व ठरावीक कायमस्वरूपी अपंगत्वासाठी आहे आणि वैध परवाना आवश्यक आहे. नूतनीकरण करताना थोडे पैसे वाचवण्यासाठी हा भाग वगळला गेला नाही ना, हे पॉलिसी उघडून आजच पाहावे. उपचारांसाठी केंद्राची मे २०२५ पासूनची कॅशलेस योजना आहे. तिच्यात नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार होतात.

अपघातानंतर लगेच काय करावे?

जखमीला आधी १०८ किंवा ११२ वरून मदत मिळवून द्यावी. त्यानंतर सोबतच्या कुणीही रस्त्याची छायाचित्रे घ्यावीत : खडी किंवा ऑइल जवळून, मग किलोमीटरचा दगड, दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल असे लांबून. मूळ फाइल फोनमध्ये जपावी. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत तपशील गळतात. दोन साक्षीदारांचे नंबर घ्यावेत. रुग्णालयात अपघाताचे कारण सांगताना ‘गाडी घसरली’ एवढ्यावर न थांबता ‘रस्त्यावरील वाळूवरून घसरली’ असे नोंदवून घ्यावे. हाच तपशील पोलिसांच्या घटनास्थळ पंचनाम्यात आग्रहाने यावा. जवळच्या पेट्रोल पंपाचे वा दुकानाचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते, ते जतन करण्याची लेखी विनंती लगेच करावी. रस्ता कोणाचा आणि कंत्राटदार कोण, हे माहितीच्या अधिकारात मिळते. हेल्मेट नसणे किंवा अतिवेग यांमुळे दुचाकीस्वाराचाही काही दोष धरला जाऊन भरपाई कमी होऊ शकते.

काय बदलायला हवे?

हातपाय मोडलेल्या माणसाने रस्त्यावर पडल्यापडल्या पुरावे गोळा करावेत, ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे. पंचनाम्यात ‘रस्त्यावर कोणता पदार्थ होता’ असा सक्तीचा रकाना आला, तर निम्मा प्रश्न सुटेल. खड्ड्यांसाठी नेमलेल्या समित्यांकडेच सुट्या खडीची व सांडलेल्या मालाची प्रकरणे सोपवावीत. यंत्रणा तयार आहे, फक्त कार्यकक्षा वाढवायची आहे. वाहनाबाहेर माल डोकावत असेल तर २० हजार रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहेच. ती रस्त्यावर नाक्यानाक्यावर शोधण्यापेक्षा खाणीच्या, मिक्सर प्लांटच्या आणि साखर कारखान्याच्या काट्यावर लागू करणे सोपे आहे. आणि खड्डा भरल्यावर उरलेली खडी झाडून नेल्याचे छायाचित्र मिळेपर्यंत कंत्राटदाराचे बिल काढू नये. एका झाडूचा हा खर्च आहे. तो वाचवला जातो, तेव्हा त्याची किंमत दुचाकीवरून कामाला निघालेला माणूस भरतो.