खाचांचा आरसा

मायक्रोवेव्हचा पेपर म्हणजे डेरिव्हेशन पाठ करा, ओका, विसरा! माझं स्पष्ट मत आहे, हा विषय खाचांच्या नळीपासून शिकवावा.

बघा, फ्री इलेक्ट्रॉन मेझरमध्ये लहरी दोन आरशांमध्ये कोंडायच्या, पण इलेक्ट्रॉनचा झोत मात्र आरपार जायला हवा. मग नळीला झाकण लावणार कसं? रशियात निझ्नी नोवगोरोद आणि दुबनाच्या मंडळींनी नळीच्या आतल्या भिंतीलाच ठरावीक अंतरावर उथळ खाचा पाडून आरसा केला. एकेक खाच लहर जराशीच परतवते. पण दोन खाचांतलं अंतर नळीतल्या तरंगलांबीच्या निम्मं असलं, की सगळे परतावे एका तालात येतात. त्या फ्रिक्वेन्सीच्या आसपासचं तेवढं मागे फिरतं, बाकीचं जातं निघून. ३० गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत तरंगलांबी १० मिमी, म्हणजे खाचा ५ मिमीहून किंचित जास्त अंतरावर. (माप चुकलं की फ्रिक्वेन्सी सरकलीच!)

हेच धाकट्या ब्रॅगने १९१२ मध्ये क्ष-किरणांबद्दल सांगितलं होतं. पण आपल्याकडे ब्रॅग फर्स्ट इयरच्या फिजिक्सात, वेव्हगाइड थर्ड इयरला, आणि दोघांची ओळख कोणीच करून देत नाही. मग पोरं (मला धरून) सॉफ्टवेअरला पळाली तर नवल काय?