शिवणे वेगळे, सांधणे वेगळे

खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक रुग्ण मला हमखास एक प्रश्न विचारतात. "डॉक्टर, तुटलेली शीर शिवली म्हणता, मग ती आता पहिल्यासारखी पक्की झाली ना?" या प्रश्नाला सरळ "हो" म्हणणे सोपे असते. पण ते खरे नसते, आणि रुग्णाला खरे सांगितलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

बोलीभाषेत आपण जिला शीर म्हणतो ती वास्तविक कंडरा, म्हणजे स्नायूचे हाडाला जोडलेले दोरीसारखे टोक. खांद्याभोवती चार स्नायूंच्या कंडरांचे आवरण असते. त्याला रोटेटर कफ म्हणतात. कंडरा लवचीक असते, तर हाड तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी ताठ. अशा दोन विजोड वस्तू थेट चिकटवल्या तर ताण नेमका जोडावर येऊन तो उसवणारच. म्हणून निसर्गाने मध्ये पायऱ्या ठेवल्या आहेत. आधी कंडरा, मग मऊ तंतुमय कूर्चा, मग चुना मुरलेली कूर्चा आणि शेवटी हाड. हा सारा बदल अगदी थोड्या जागेत, हळूहळू होत जातो.

शस्त्रक्रियेत आम्ही कंडरा ओढून हाडाला शिवतो. जखम भरते, पण मधल्या पायऱ्या पुन्हा तयार होत नाहीत. तेथे नुसता व्रण तयार होतो आणि तो मूळ जोडाइतका मजबूत नसतो. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठी फाट दुर्बिणीतून शिवलेले 18 रुग्ण होते. वर्षभराने तपासले तेव्हा त्यांपैकी 17 जणांची कंडरा पुन्हा फाटलेली आढळली. तरीही त्यांतील बहुतेकांच्या वेदना बऱ्याच कमी झाल्या होत्या, हेही सांगितले पाहिजे. लहान फाटीचा निकाल यापेक्षा पुष्कळच चांगला असतो.

या हरवलेल्या पायऱ्या पुन्हा उगवता येतील का, यावर शास्त्रज्ञ काम करीत आहेत. गवंडी भिंत बांधताना परांची उभारतो आणि काम झाले की सोडतो. तशीच ही तंतूंची परांची. शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांचे धागे ज्या जातीच्या पदार्थांपासून बनतात, त्याच जातीच्या पदार्थाचे द्रावण बारीक सुईतून सोडून त्यावर हजारो व्होल्टचा दाब देतात. त्यातून केसाहून कितीतरी बारीक तंतू निघतात व त्यांची चटई तयार होते. पेशींनी तिच्यावर वस्ती करावी, नवी ऊती विणावी आणि चटईने विरघळून जावे, अशी ही कल्पना आहे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात स्टॅव्रोस थॉमोपोलस व यूनान शिया यांच्या गटाने 2009 साली अशा चटईवर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चुन्याचे क्षार वाढत जातील अशी रचना केली. 2010 साली त्यांनी एका बाजूला सरळ रांगेतले व दुसऱ्या बाजूला विस्कटलेले तंतू असलेली चटई बनवली. निसर्गाच्या पायऱ्यांचीच ही नक्कल होय.

हे संशोधन मला मोलाचे वाटते. पण प्रयोगशाळेतील यश म्हणजे रुग्णाचा खांदा नव्हे. डुकराच्या आतड्यापासून बनवलेली एक जाळी अशीच मोठ्या अपेक्षेने वापरात आली होती. 2006 साली तिची रीतसर तुलना प्रसिद्ध झाली. जाळी लावलेल्या 15 खांद्यांपैकी 4 जुळले, तर जाळी न लावलेल्या 15 पैकी 9! म्हणून कोणी महागडी जाळी किंवा "कंडरा नव्याने उगवणारे" इंजेक्शन सुचवले, तर तीन प्रश्न जरूर विचारा. ही माणसांवर तपासली आहे का? न लावलेल्या रुग्णांशी तुलना केली आहे का? वर्षानंतर खांद्याची तपासणी काय सांगते? हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. घर गहाण टाकून आशा विकत घेऊ नये.

तोवर आपल्या हाती काहीच नाही असे मात्र नाही. वयोमानाने झिजून फाटलेली प्रत्येक कंडरा शिवावी लागत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अशा 452 रुग्णांच्या अभ्यासात नियमित व्यायामाने दोन वर्षांत पाऊण हिश्शाहून अधिक जणांना शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. पण गाडीवरून वा झाडावरून पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर महिनोन्‌महिने मालिश करीत बसू नका. उशीर झाला की स्नायूत चरबी भरते आणि मग उत्तम टाकाही कामी येत नाही. वरचेवर स्टेरॉइडची इंजेक्शने घेऊ नका, त्याने कंडरा कमकुवत होते. मधुमेह ताब्यात ठेवा. विडी, सिगारेट, तंबाखू सोडा, कारण निकोटिन जोड भरू देत नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर "आता दुखत नाही" म्हणून हाताची झोळी लवकर काढून पाण्याची बादली उचलू नका. दुखणे आधी थांबते, जोड मागाहून भरतो.

तंतूंची परांची उद्या येईलही. आज मात्र आपला खांदा वाचवणारी परांची म्हणजे वेळेवर तपासणी, संयम आणि नेमाने व्यायाम हीच आहे.