पाणी दिले, निचऱ्याचे काय?

कृष्णाकाठच्या शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांतील काही काळ्याभोर रानांवर उन्हाळ्यात पांढरा थर चढतो. ज्या जमिनीने उसाच्या जोरावर पंचक्रोशी श्रीमंत केली, तीच आज क्षारपड झाली आहे. आणि हे संकट अवर्षणाचे नव्हे, अतिपाण्याचे आहे.

भारी काळ्या जमिनीत निचरा मंद. तिला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी पाजले की भूजल वर येते, पाण्याची वाफ होते आणि क्षार मात्र मागे उरतात. मग ओल असूनही रोप तहानलेले राहते, कारण खारट पाणी मुळांना ओढून घेता येत नाही. बी नीट उगवत नाही. सोडियम व क्लोराइड पानांत साचून त्यांच्या कडा करपतात. सोडियम मातीच्या कणांनाच चिकटला तर जमीन चोपण होते, तिची घडण मोडते आणि मुळांना हवाही मिळेनाशी होते. कापूस व बार्ली यांतले बरेच सोसतात. ऊस मात्र हळव्या पिकांत मोडतो. ज्याला आपण सर्वांत अधिक पाणी पाजतो, तेच पीक त्या पाण्याच्या परिणामापुढे दुबळे ठरावे!

ही गोष्ट सरकारला ठाऊक नव्हती, असे म्हणण्याची सोय नाही. नीरेच्या डाव्या कालव्याला 1885 मध्ये पाणी सुटले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खार जमिनींवर लिहिले ते 1910 मध्ये. तेव्हापासून कालवे वाढले, उपसा योजना वाढल्या. चरांचे काम मात्र मागेच राहिले.

शेतकऱ्याने पाणी मोजून द्यावे, ठिबक बसवावे, हा उपदेश योग्यच आहे. (तो शहरात बसून करणे सोपे, हेही खरे.) परंतु एकट्याने चर खणला तर त्याचे पाणी शेजाऱ्याच्या रानात जाणार! निचरा हे मुळातच सामाईक काम आहे. शिरोळकडील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन भूमिगत सच्छिद्र नळ घातले व पडीक रानांत पुन्हा ऊस उभा केला. तेव्हा आमची मागणी साधी आहे: सिंचनाच्या प्रत्येक नव्या योजनेच्या अंदाजपत्रकातच निचऱ्याचा खर्च धरावा, आणि बिघडलेल्या जमिनींसाठी ओढ्यानाल्यापर्यंतचे मुख्य चर सरकारने स्वतः काढून द्यावेत.