टोळी कुठं आहे, हे सभासदालाही दिसू द्या



गळीत हंगाम सुरू झाला की शेती खात्याच्या दारात एकच प्रश्न येतो, "साहेब, माह्या उसाची तोड कधी हाय जी?" आम्ही गट ऑफिसला विचारतो, गट ऑफिस स्लिपबॉयला, स्लिपबॉय मुकादमाला. मुकादमाचा फोन लागत नाही. सभासद कंटाळून घरी जातो, आणि जाताना वशिल्याचा संशय घेऊन जातो. तो संशय दर वेळी खोटाच असतो असंही आम्ही म्हणणार नाही.

यावर इलाज आता आवाक्यात आला आहे. टोलनाक्यावरचा फास्टॅग सर्वांनी पाहिला आहे. फेब्रुवारी 2021 पासून तो सक्तीचा झाला. त्या चिकटपट्टीत बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या रेडिओ लहरी पोचल्या की त्यांच्याच जोरावर आतली चिप आपला नंबर सांगते. तशीच चिप ऊस वाहतुकीच्या प्रत्येक गाडीला आणि टोळीच्या मुकादमाच्या कार्डात बसवता येते. गाडी यार्डात शिरली की गेटवरचा संगणक शेती खात्याच्या संगणकाला इंटरनेटवरून विचारतो : ही गाडी कुणाची, टोळी कोणती, प्लॉट कुणाचा, लागण तारीख काय? उत्तर आलं की मोठ्या फलकावरची ओळ आपोआप बदलते. कुणी खडूनं लिहायचं नाही, आणि मुख्य म्हणजे कुणी पुसायचंही नाही.

तोडलेला ऊस पडून राहिला की पाणी उडतं, वजन घटतं, साखरेची मोड होऊन उतारा पडतो. वजनाचा तोटा सभासदाचा, उताऱ्याचा तोटा साऱ्यांचा. म्हणून फलकावर गाडीच्या नंबराशेजारी तोडीची वेळही हवी. चोवीस तास उलटलेली गाडी लाल दिसली की यार्डातल्या नंबराचा घोळ कुणाला झाकता येणार नाही.

अडचणी आहेतच. लोखंडी ट्रॉलीवर साधी चिप नीट बोलत नाही, तिथं धातूवर चालणारी वेगळी घ्यावी लागते. चिखलानं माखली तर पुसावी लागते. आणि चिप रीडरपाशी आल्याशिवाय गप्पच असते, तेव्हा फडातली टोळी दिसायची तर स्लिपबॉयच्या हाती छोटा रीडर द्यावाच लागेल. त्याला रेंज नसेल तर नोंद उशिरा पोचेल.

एक गोष्ट मात्र आताच ठरवून टाकावी. आपल्या नागपूर महापालिकेनं काही वर्षांपूर्वी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. कामगार कुठं आहे ते साहेबाला दिसू लागलं. कामगारांना ती पाळत वाटली, आणि आम्हाला त्यांचं म्हणणं पटतं. आपल्याकडं तसं नको. कार्ड गाडीला आणि टोळीला असावं, कोयत्यावरच्या बाईच्या गळ्यात नको. बीडकडून पोरंबाळं घेऊन आलेली माणसं ती, थोडा वेळ सावलीला बसली तर फलकाला त्याचं काय?

आणि फलक एकट्या मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये लागणार असेल तर पैसा खर्चूच नये. तो गेटवर, गट ऑफिसात आणि सभासदाच्या मोबाईलवर एकसारखाच दिसला पाहिजे. संचालकाच्या प्लॉटची तारीखसुद्धा. येत्या हंगामात एकाच गटात, नेमक्या गाड्यांवर प्रयोग करावा आणि त्याचा खर्च व हिशेब वार्षिक सभेपुढं ठेवावा, असं आमचं मत आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी याच अंकाच्या पत्त्यावर लिहावं, छापू.