‘अ‍ॅडजस्ट’ कोणी करायचं?

इंग्रजी शब्द मराठीत घुसले म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. पण एका शब्दाचा हिशेब मागायलाच हवा. ‘अ‍ॅडजस्ट’.

शिंपी ब्लाउज अ‍ॅडजस्ट करतो, दुकानदार मागची बाकी पुढच्या बिलात. लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी येते, ‘जरा अ‍ॅडजस्ट करा’ म्हणते आणि तिघीही थोड्या थोड्या सरकतात. चौथीला अर्धीच जागा मिळते हे खरं, पण सरकतात सगळ्याच. इथवर माझी तक्रार नाही.

हाच शब्द उंबरठा ओलांडून घरात आला, की सरकायचं एकटीनेच. आरसा अ‍ॅडजस्ट करतात तेव्हा करणारा वेगळा आणि आरसा वेगळा. मुलीला ‘अ‍ॅडजस्ट करून घे’ म्हणतात तेव्हा नेमकं काय, ते कोणी सांगत नाही. कारण ती वस्तू तीच असते. नवऱ्याचा हात उठतो? अ‍ॅडजस्ट कर. पगार सासूच्या हातात द्यावा लागतो? अ‍ॅडजस्ट कर. दिराची नजर वाईट आहे? तेही अ‍ॅडजस्ट कर!

आपल्या आया-आज्या ‘सोस’ म्हणायच्या. तो शब्द जुलमी खराच, पण निदान खोटा नव्हता. सोसण्यासारखं काहीतरी घडतंय, एवढी कबुली त्यात होती. ‘अ‍ॅडजस्ट’मध्ये तीही नाही. मार म्हणजे जणू खुर्चीची उंची, जरा खालीवर केली की झालं. वर शिकल्यासवरल्याचा आव.

केरळच्या न्या. हेमा समितीने २०१९च्या अखेरीस दिलेला अहवाल २०२४मध्ये खुला झाला. मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या बायकांना ‘अ‍ॅडजस्टमेंट’ आणि ‘कॉम्प्रोमाइज’ हे दोन शब्द चांगलेच परिचयाचे आहेत, अशी त्यात नोंद आहे. अर्थ एकच: काम हवं तर शरीर दे. मागणाऱ्याला मागणीचं खरं नाव उच्चारायचं नसतं, तेव्हा हा शब्द कामी येतो.

मला जास्त राग येतो तो आपल्याच लोकांचा. समुपदेशनाच्या फायलींवर ‘उभयतांत अ‍ॅडजस्टमेंट प्रॉब्लेम’ हा शेरा मी कितीदा वाचला आहे. आत तिच्या जबाबात पट्ट्याचा मार. शेरा लिहिणारे माझ्यासारखेच एम.एस.डब्ल्यू. झालेले. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्याखालचे २००६चे नियम त्यांनी उघडून पाहावेत. नियम १४ सांगतो की समुपदेशनात पुरुषाला हिंसेचं समर्थन करता येणार नाही, आणि हिंसा करणार नाही अशी हमी त्यानेच द्यायची आहे. म्हणजे ‘का मारलंस?’ याला ‘ती अ‍ॅडजस्ट करत नाही’ हे उत्तर देण्याची सोयच नियमाने ठेवलेली नाही. आपण मात्र तेच उत्तर त्याच्या वतीने फायलीवर लिहून मोकळे होतो.

कोणी म्हणेल, संसारात दोघांनाही थोडं सरकावंच लागतं. लागतंच की. मग जिथे मार नाही, नुसते खटके आहेत, तिथे कागदावर दोन रकाने आखा: तो काय बदलणार, ती काय बदलणार. त्याचा रकाना कोरा असेल तर त्या कागदावर तिची सही घेऊ नका.